रविवारची नोंद

नॉरिच, कनेटिकट
३ नोव्हेंबर १७९४

चि. एलिफलेट यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. रीत म्हणून लिहिले, फार मनावर घेऊ नकोस.

इकडे सफरचंदे उतरवून झाली, सायडरची पिंपे भरली. बाबांना जाऊन सहा आठवडे झाले. 'प्रेंटिस घराण्याचे कागद म्हणजे नव्या देशाचा ठेवा, मलाच पाठव,' असे न्यूयॉर्कहून लिहितोस. चर्चच्या घंटेसाठी गाजावाजा करून कबूल केलेले दहा पौंड बाबांनी अखेरपर्यंत दिले नाहीत, हे वाचून देश धन्य होईल. तुला ठेवा नको, चामड्याच्या बांधणीची मोठी वही हवी आहे. इतके मला कळते.

लेकीच्या लग्नात दिलेले बाप वहीत मांडतो आणि वाटणीत तिच्या हिश्शातून कापतो. माझ्या नावावर लिहिले आहे: 'अ‍ॅसाहेल बर्चशी लग्न झाले तेव्हा दिले. पिसांची गादी, सहा खुर्च्या, चांदीचे चमचे, रोख तीनशे पौंड.' म्हणजे माझा हिस्सा संपला, घर तुझे, आणि मी तुझ्या बायकोच्या मेहेरबानीवर.

दफनाला आलास तेव्हा वहीत अक्षर छान वळवलेस, हुबेहूब बाबांचे. तारीख मात्र १२ ऑक्टोबर १७८८ घातलीस. मी जुने पंचांग काढून पाहिले. रविवार होता.

घरातल्या वस्तूंची यादी करायला चर्चचे म्हातारे डीकन हंटली आले होते. त्यांना नोंद दाखवली, तर हसतच सुटले.

"तुझा बाप आणि रविवारी हिशेब? अगं, तो रविवारी दाढीसुद्धा करायचा नाही. एकदा प्रार्थनेनंतर मी मक्याचा भाव विचारला, तर महिनाभर बोलला नाही माझ्याशी. हे कुणा न्यूयॉर्कवाल्याचं काम."

"आहे एक," मी म्हटले, "आमच्याच घरातला."

लग्नासाठी जमवलेल्या त्या खुर्च्या आणि चमचे तुझ्याच घरी आहेत. अ‍ॅसाहेलचे जहाज बुडाल्याची बातमी आली त्याच आठवड्यात, "आता ताईला कशाला लागतंय," म्हणत तू ते उचललेस. मी तेव्हाही गप्प बसले.

पैशाचे मी आताही गिळले असते. पण त्या साली सप्टेंबरात बुडालेल्या माणसाशी तू ऑक्टोबरात माझे लग्न लावलेस. त्याच्यासाठी शिवलेला सदरा अजून माझ्या पेटीत आहे. ती ओळ वाचून मी रडले, आणि तुझ्यासारख्यापायी रडले याची लाज वाटते.

वही तक्रारीसकट न्यायाधीशांकडे दिली आहे. पुढच्या मंगळवारी ये, बायबलवर हात ठेव आणि हे बाबांचेच अक्षर म्हणून शपथेवर सांग. तुझी छाती तेवढी नाही, हे मला ठाऊक आहे.

तक्रारीच्या कागदावर केली तीच सही इथे करते.

मेहिटेबल प्रेंटिस,
अविवाहित