पेव उघडल्यानंतरची निरवानिरव

मी, चन्नबसप्पा गुंडप्पा, वय सदुसष्ट, धंदा धान्याची अडत, राहणार जळकोट, तालुका तुळजापूर, कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र करून ठेवतो. शुद्धीबद्दल पुतण्या वीरभद्र याला शंका आल्याने त्याने शंकरप्पा वैद्यांना आणले. नाडी पाहून ते म्हणाले, "डोकं जाग्यावर हाय. आनंद तेवढा जास्त झालाय." त्याचे कारण असे.

मला मूलबाळ नाही. पत्नी शांतम्मा हिने माझ्याबरोबर पंचेचाळीस वर्षे पाणी घातलेल्या ताकावर काढली. पाणी माझ्या हुकमाने पडत होते.

तीन वर्षांमागे ज्वारीचा भाव चढत होता. तो आणखी चढेल म्हणून मी ज्वारीच्या पेवाचे, म्हणजे जमिनीतल्या धान्याच्या खड्ड्याचे, तोंड लिंपून बसलो. जमिनीखाली पाणी शिरले. गेल्या श्रावणात पेव उघडले तेव्हा साठ पोती ज्वारी काळी पडली होती आणि वास सडकेपर्यंत गेला होता. त्याच दिवशी तेर गावचे जुने विटांचे ढिगारे पाहायला निघालेले एक बौद्ध भिक्षू आमच्या ओट्यावर टेकले. वास कशाचा, म्हणून विचारले. मी खरे सांगितले. ते हसले नाहीत.

म्हणाले, "बुद्धांनी गृहस्थाला धन टाकायला नाही सांगितलं. मधमाशीसारखं कमवा, फुलाला न दुखवता. चार वाटे करा: एक खाण्यापिण्याला, दोन धंद्याला, एक अडीअडचणीला. जो खात नाही आणि देतही नाही, त्याचं धन ओसाड रानातलं गोडं तळं. कुणी पीत नाही, आटून जातं. द्यायचं तर आपल्या हातानं, हसत द्यावं."

शांतम्मा आतून म्हणाली, "महाराज, जरा मोठ्यानं सांगा. त्यांना भाव सोडून दुसरं ऐकू येत न्हाय."

माझ्या गळ्यात लिंग आहे, ते राहील. आमच्या लिंगायतांतही दासोह, म्हणजे कमाईतले वाटून खाणे, आहेच. मीच त्याच्याकडे पाठ करून बसलो होतो. सबब पुढील व्यवस्था.

कलम एक. दुसऱ्या पेवातली चाळीस पोती माझ्या पश्चात गावात वाटावी. एवढे लिहून झाले आणि मला दम निघेना. पेव उघडले, शीग लावून पायल्या भरल्या. रांगेतली म्हाळसाबाई म्हणाली, "अप्पा, पायली सपाट करायची फळी विसरलाव का?" मी म्हटले, "व्हय." तिने पदर आणखी पसरला. कलम रद्द.

कलम दोन. बैलजोडी हमाल गोरोबा यास. तीही काल दिली. बैलांनी मागे वळूनसुद्धा पाहिले नाही. रद्द.

कलम तीन. बांधावरच्या ज्या बाभळीवरून शेजारी अण्णाराव याच्याशी बावीस वर्षे अबोला आहे, ती बाभूळ त्याला. मळ्याची विहीर साऱ्या गावाला. तिथे कोणाची जात विचारू नये. दोन्ही आजच दिल्या. अण्णाराव म्हणाला, "आता भांडू कुणाशी?" रद्द.

कलम चार. धंद्याचे दोन वाटे, म्हणजे दुकान व भांडवल, वीरभद्र यास. घेताना आणि विकताना माप एकच, ही अट. तो घाबरून म्हणाला, "काका, हे तरी आज देऊ नका. आधी शिकू द्या." म्हणून हे एकच कलम कायम.

कलम पाच. राहते घर व पेटीतल्या सोन्याच्या पाटल्या शांतम्मा हिला.

इथे तिने कागद अडवला. "मेल्यावर देणारे लई बघितले. मला साक्षीला बसवा. तुमचा हात सैल झालेला म्या डोळ्यानं बघणार."

हा कागद लिहिणारे अर्जनवीस बलभीमराव म्हणाले, "काकू, ज्याला कागदानं मिळतं त्याची साक्ष चालत नाही."

"मग मला काही नको. साक्षच पाहिजे."

रिकाम्या हाताची साक्ष मला नको होती. घराचे बक्षीसपत्र बलभीमरावांकडून तिथेच लिहवून तिच्या हाती दिले. पेटी उघडली. पाटल्या मनगटावर चढेनात. तेल आणावे लागले. मला हसू आवरत नव्हते. तिने मनगट उजेडाकडे फिरवले.

"जड हायत," म्हणाली.

"काढू का?"

"हात लावून तर बघा."

सबब कलम पाच रद्द. या कागदाने शांतम्मास काहीही मिळत नाही.

वरील मजकूर मोठ्याने वाचून घेतला, मला तो मान्य आहे.

मुक्काम जळकोट, चैत्र शुद्ध दशमी, फसली सन १३५३.

सही: चन्नबसप्पा गुंडप्पा

साक्षीदार:
१. शंकरप्पा वैद्य, सही
२. शांतम्मा, भ्रतार चन्नबसप्पा. डाव्या हाताचा अंगठा. पाटली कागदावर टेकल्याने शेजारी तेलाचा डाग पडला आहे, तो खाडाखोड समजू नये.