साक्षगंधाची छोटी फाइल

११ नोव्हेंबर
आलो एकदाचा एकोडीला! साकोलीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची नोकरी आणि गोपीचंदभाऊंच्या घरात भाड्याची खोली. समोर तळं, मागे कापलेल्या धानाचे ढीग, वर उषावहिनींच्या हातचं जेवण. पुण्याच्या मेसला रामराम! भाऊंचे वडील पुंडलिकराव लकव्यामुळे दिवसभर पुढच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, खुर्चीवर बसून असतात. हातपाय हलत नाहीत, जीभ जड का होईना चालते. मी दिसलो की विचारतात, जेवला का गा? माझ्या घरीसुद्धा इतक्या वेळा कुणी विचारत नाही.

१६ नोव्हेंबर
काल भाऊंच्या मुलीचं, खुशबूचं साक्षगंध झालं, म्हणजे आपला साखरपुडा. शूटिंग माझ्याच कॅमेऱ्यावर. भाऊ म्हणाले, लहान करून द्या न सर, पाहुण्यांच्या मोबाइलवर गेला पाह्यजे. मी ऐटीत लॅपटॉप उघडला. फोर-के कशाला, ४८० पुरे. व्हिडिओ दाबून लहान करणारा कोडेक एच-२६५; बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती माहिती ठेवायची तो आकडा, अगदी तळाला. चित्रात जे हलत नाही ते कोडेक नव्याने साठवत नाही, मागच्या चित्रातून उचलतो. मधूनमधून एक पूर्ण चित्र ठेवतो, ती की-फ्रेम. त्याही मी जवळपास काढून टाकल्या. वर चित्रातले बारीक दाणे पुसून सपाट करणारा फिल्टर. फाइल एवढीशी झाली, घरात सगळ्यांनी पुन्हा पुन्हा लावून पाहिली. कार्डात जागा हवी म्हणून मूळ शूटिंग मी पुसलं. तयार फाइल स्वतः नीट बघितलीसुद्धा नाही.

१७ नोव्हेंबर
आज बघितली. खुशबू लख्ख, पेढे वाटणाऱ्या वहिनी लख्ख. पुंडलिकराव नाहीत. पांढऱ्या बंडीत, पांढऱ्या भिंतीला टेकून बसले होते, हलले नाहीत. सुरुवातीला अंधूक दिसतात, मग डाग, मग नुसती भिंत. नातीच्या साक्षगंधातून आजोबाच गायब! माफी मागायला गेलो. भाऊंनी विचारलं, कोन पुंडलिकराव? मला थट्टा वाटली, मी हसलो.

१८ नोव्हेंबर
थट्टा नव्हती. वहिनींनी ताटं वाढली, पुंडलिकरावांचं नाही. खुशबू त्यांच्या मांडीवर साड्यांच्या घड्या ठेवून गेली, रिकाम्या खुर्चीवर ठेवाव्यात तशा. ते माझ्याकडे बघून म्हणाले, मले काहून वाढून नाई राहिले? मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी भरवलं. हे माझ्या हातून घडलंय, हे सांगायची हिंमत झाली नाही.

२० नोव्हेंबर
पुसलेलं परत आणायचा प्रोग्राम चालवला. पण त्याच कार्डावर नंतर क्लासचं शूटिंग केलंय मी. काही उरलं नाही. मग छोटीच फाइल बिटरेट वाढवून पुन्हा एक्स्पोर्ट केली. मी शिकवतो हे पोरांना — गेलेलं चित्र आकडा वाढवून येत नाही. तरी केली. आता पुंडलिकरावांचा खांदा भिंतीसारखा दिसतो. व्हिडिओतला नव्हे. खुर्चीवरचा.

२१ नोव्हेंबर
नवीन शूटिंग केलं. त्यांचा हात धरून हलवत राहिलो. हललं की साठवावंच लागतं. प्रत्येक चित्र की-फ्रेम, काही कापलं नाही. वहिनींना दाखवलं. मामाजी! अशी सासऱ्यांना हाक मारत किंचाळल्या, रडल्या. व्हिडिओ संपला. डोळे पुसले आणि मला विचारलं, मी कायले रडून राहिली?

२३ नोव्हेंबर
आज पुंडलिकरावांना सगळं सांगितलं. रागावले नाहीत. म्हणाले, तू कायले रडतं गा, पोरा. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते फक्त मलाच दिसतात आता. क्लास सोडला. ती फाइल बघायची नाही — दुरुस्तीच्या नादात मीही किती वेळा बघितली —

२४ नोव्हेंबर
त्यांची मानही भिंतीत विरली. डोळे आहेत. मी बोलत राहतो. थांबलो तर — नाही, थांबणार नाही. माझं पाप आहे, मीच —

२५ नोव्हेंबर
आज बरं वाटतंय. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं. वहिनी विचारत होत्या, रिकाम्या खुर्चीपाशी काय बसून राहिले सर. खरंच, काय बसलोय? हातात वरणभाताचा घास आहे. कुणाला तरी भरवायचं होतं. कुणाची तरी माफी — त्यांचं नाव —