गजराबाई, दाखल १९५३

हॅमिल्टन, १० मार्च २०२५
ती. सुरेखाआत्यास,
धम्मपालचा जय भीम.
वि. वि. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र. आमच्या आरुषीला शाळेत पेपेहा म्हणायचा होता, इथल्या मूळ लोकांच्या रीतीनं स्वतःची ओळख. आपला डोंगर, नदी, पूर्वज सांगायचे. त्यासाठी मी आजीचे कागद शोधायला घेतले. गजराबाई १९५३ साली काविळीनं गेली, असं तुम्ही आम्हाला कायम सांगितलंत. त्या सालचा मृत्यूचा दाखला तालुक्याला नाहीच. मिळाला तो १९७६चा, कुष्ठाश्रमाच्या पत्त्यावरचा. पुण्याच्या माझ्या मित्रानं, विवेकनं, तिथल्या नोंदवहीचे फोटो काढून पाठवले. दाखल, जून १९५३. तेवीस वर्षं ती जिवंत होती आणि तुम्ही माझ्या बाबांना पोरकं ठेवलंत. का, ते लेखी कळवा.
लोभ उरला असेल तर असू द्यावा.
धम्मपाल

पुणे, २६ मार्च
चि. धम्मपालास,
आशीर्वाद. तू मागितलेस म्हणून नव्हे, रीत म्हणून.
नोंदवही पाहिलीस, मग भेटीला येणाऱ्यांची पानं का नाही पाहिलीस? दर महिन्याला एकच सही आहे, माझी. सासरी शिवणाच्या क्लासचं निमित्त सांगून जायचे.
काविळीची गोष्ट तुझ्या आजोबांनी रचली, तुझ्या बापानं चालवली. १९७१ साली त्याचं तुझ्या आईशी लग्न ठरत होतं. मी त्याला आश्रमाच्या फाटकापर्यंत नेलं. तो आत आला नाही. कळलं तर सोयरीक मोडेल म्हणाला, आणि कुणाला न सांगण्याची शपथ घातली मला. आत आई नवं लुगडं नेसून बसली होती. यादवला ताप आलाय, असं मी तिला सांगितलं. तुमच्याशी खोटं बोलल्याचं मला काही वाटत नाही. तिच्याशी बोलल्याचं वाटतं.
तुझा पोरका बाप तुझ्याच घरात बसलाय. त्याला विचार. मला पुन्हा जाब विचारायचा नाही.
सुरेखाआत्या

हॅमिल्टन, १३ एप्रिल
आक्कास,
यादवचा जय भीम.
धम्मानं तुझं पत्र जेवताना मोठ्यानं वाचलं. सूनबाई ऐकत होती, आरुषीही. ती मराठी बोलत नाही, पण तिला समजतं सगळं. तुमची आई किती वेळ वाट बघत होती, असं तिनं मला इंग्रजीत विचारलं. मी ताटावरून उठलो. तेव्हापासून धम्मा माझ्याशी बोलत नाही. सकाळी दुधाच्या फॅक्टरीत कामाला जातो, आला की त्या फोटोंपुढे बसतो.
झालं समाधान? चोपन्न वर्षं गप्प राहिलीस, आणखी दोन-चार राहिली असतीस तर मी गेलो असतो. आणि बोलायचंच होतं तर मला लिहायचंस, पोराला नाही. भ्यालो होतो मी, आक्का. तू भ्याली नाहीस, म्हणून मला जन्मभर आरोपी करणार?
एवढंच कळव. मला ताप आहे हे ऐकून आई काय म्हणाली?
राग धर, पण उत्तर दे.
यादव

पुणे, २८ एप्रिल
यादवास,
आता तब्येतीला जप, आणि यापुढे पत्र नको.
डॉक्टरला दाखवलं का, असं विचारलं तिनं. मग तिच्या वाटणीच्या दोन भाकऱ्या आणि ठेचा फडक्यात बांधून दिला. तापानं त्याच्या तोंडाची चव गेली असेल, म्हणाली. बाहेर येऊन मी ते तुझ्यासमोर धरलं. तू दोन्ही हात पाठीमागे घेतलेस. परतताना एसटीत माझ्या शेजारीही बसला नाहीस.
मी पुढच्या बाकावर फडकं सोडलं आणि दोन्ही भाकऱ्या खाल्ल्या. भूक नव्हती.
सुरेखा