पाचवे प्रकरण मी काढले नाही

मी, शालिनी उमाकांत हुपरीकर, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त प्राध्यापिका, राहणार विद्याधर नगर, जयपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ज्यांना तो पुरेसा वाटत नसेल त्यांनी मी जिवंत आहे तोवर माझ्याशी रसायनशास्त्रावर बोलायला यावे.

१. माझे दिवंगत पती विमा कंपनीत अधिकारी होते. त्यांच्या बदलीमुळे आम्ही कोल्हापूरहून येथे आलो आणि मी येथील विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात संशोधनासाठी नाव नोंदवले. विषय सेंद्रिय मुक्त मूलकांचा. ज्या रेणूत एक इलेक्ट्रॉन जोडीविना उरतो तो मुक्त मूलक. असा मूलक दुसऱ्या रेणूचा हायड्रोजन ओढून घेऊ पाहतो. प्रबंधाच्या पाचव्या प्रकरणात माझे म्हणणे एवढेच, की मूलकाच्या दूरच्या टोकाला धनभार असेल तर ही ओढ वाढते. विभागप्रमुख डॉ. मुरलीधर यांनी ते उडवून लावले.

"भार तिकडे, अभिक्रिया इकडे. संबंध काय, शालिनीजी? पाचवं प्रकरण काढा आणि पदवी घ्या."

"ते काढलं तर प्रबंधात माझं काय उरतं, सर?"

त्यांनी सही केली नाही. मी प्रकरण काढले नाही.

त्याच सुमारास उमाकांतना बढतीवर नागपूरला जाण्याचा हुकूम आला. त्यांनी बढती नाकारली. म्हणाले, "साहेब काय, कुणीही होतं. तू हे सिद्ध कर." म्हणून आम्ही जयपुरात राहिलो, म्हणून हे घर बांधले. मुलींच्या महाविद्यालयात शिकवून, सुट्ट्यांत परगावच्या प्रयोगशाळेतील यंत्रावर मी मोजमापे घेत राहिले. धनभाराने मूलक खरोखरच आक्रमक झाला. पदवी दुसऱ्या विद्यापीठाने दिली.

पुढे जयपूरच्याच एका परिषदेत मी याच कामावरचा निबंध वाचला. डॉ. मुरलीधर पहिल्या रांगेतून उठून म्हणाले, "हे काम आमच्याच विभागात सुरू झालं."

मी ध्वनिक्षेपकातूनच उत्तर दिले, "सुरू मी केलं, सर. तुम्ही थांबवलंत."

म्हणून त्या विभागाला माझ्या मिळकतीतून काचेची एक नळीही देऊ नये. माझी तसबीर तेथे लावू नये.

२. चिरंजीव वरुण यास बँकेतील सर्व ठेवी व कोल्हापूरची जागा. त्याच्यावर माझा राग नाही. घर मात्र त्याला नाही. तो पुण्याहून फोनवर म्हणतो, "आई, मतलब, परक्या मुलींसाठी घर द्यायचं?" होय, बाळा. मार्गदर्शकाशी मतभेद झाला म्हणून जिचे काम अडले, अशी कोणतीही संशोधक मुलगी येथे विनाभाडे राहील. ती त्या विभागातली असली तरी राहील. व्यवस्था माझी विद्यार्थिनी अनुश्री पाहील. तीच या मृत्युपत्राची व्यवस्थापक.

३. यासाठी माझ्या मरणाची वाट पाहण्याचे कारण नाही. रुचिता नावाची मुलगी परवाच वरच्या खोलीत राहायला आली. माझ्या कामावर तिचा आक्षेप असा, की मी सारे निर्वातात मोजले. पाण्यात भाराचा हा परिणाम जवळजवळ पुसला जातो. तिच्या मार्गदर्शकांनी माझा दाखला देऊनच तिला गप्प केले.

मी तिची मोजमापे पाहिली. चूक सापडली नाही.

"मॅडम, हे छापलं तर तुमच्या कामाला मर्यादा पडेल," ती म्हणाली.

"पडू दे. पुन्हा मोज. तेच आलं तर लिही."

माझ्या पश्चात कोणी, माझ्या नावाच्या अभिमानापोटीसुद्धा, तिला हे घर सोडायला सांगितले, तर तो माझ्या इच्छेचा भंग समजावा. ती मला खोटे ठरवील तरीही तिची खोली तिचीच राहील.

वरील मजकूर मीच लिहिला, पुन्हा वाचला, एक शब्दही मागे घेत नाही.

सही: शालिनी उमाकांत हुपरीकर

आमच्या समक्ष सही केली:
१. उत्तमराव शेळके, निवृत्त सुभेदार, विद्याधर नगर
२. डॉ. प्रथमेश नाडकर्णी, शास्त्री नगर

स्थळ: जयपूर
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५