डचेसचं कुरण

४ ऑक्टोबर १८८६, डनमोर
कुरण गेलं. नऊ वर्षं माझी गाय डचेस तिथं चरली. सरपंच टूलीनं ते फुटबॉल क्लबाला देऊन टाकलं. पंधरा इकडचे, पंधरा तिकडचे, एका चामड्याच्या चेंडूसाठी चिखलात ढीग करून पडतात. याला म्हणे खेळ! टूलीकडे गेले. म्हणाला, ‘‘अठरा नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगच्या सणाला, एल्डरटन गावाशी सामना आहे, बाई. आपले हरले तर क्लब मोडतो. मग चरू द्या तुमच्या राणीसाहेबांना.’’
ठराव: डनमोर हरलंच पाहिजे. खेळाकडे ढुंकून बघायचं नाही.

९ ऑक्टोबर
खिडकीतून दोन तास बघितलं. शत्रूची माहिती नको? कॅप्टन लोर्न मॅकवेटी, आमचा डबे सांधणारा. पाय कसले, काड्या! एकदा ओरडले, ‘‘बावळटा, मागे दे चेंडू!’’ हा टोमणा होता. सल्ला नव्हे.

१६ ऑक्टोबर, दुपार
सरावात डचेस मुद्दाम सोडली. शिंगं बघून पळतील म्हटलं. मेल्यांनी तिला सफरचंदं चारली, शिंगाला क्लबाची लाल फीत बांधली. लोर्न म्हणतो, ‘‘क्रॉस्करीकाकू, हिचा पायगुण चांगला. रोज पाठवा.’’
गाय फितूर. तिच्याशी बोलणं बंद.

२ नोव्हेंबर
नामी युक्ती. सामन्याआधी क्लबाचं जेवण असतं. मी करते म्हटलं. लोर्नचे डोळे पाणावले, गाढवाचे. चरबीत मळलेल्या कणकेचे उकडलेले डंपलिंग, डुकराचं मांस, फळं भरून भाजलेले चौदा गोड ‘पाय’. आमचे दिवंगत यजमान हेझेकाया असलं जेवले की दुसऱ्या दिवशीच उठायचे. देव त्यांना सुखी ठेवो.

१८ नोव्हेंबर, सकाळ
जेवण हॉलवर पोचवलं. उद्या कुरणाचं कुंपण दुरुस्त करायचं.

तोच दिवस, संध्याकाळ
घात! पाहुण्यांना आधी पोटभर, उरेल ते घरच्यांना, ही आमच्या गावची रीत. मीच ही पोरांच्या डोक्यात ठोकून ठोकून भरलेली, आणि मीच विसरले. एल्डरटनचे पंधरा जण ताटं चाटूनपुसून जेवले. आमचे हसत वाढत होते. मग एकेक पाव खाऊन मैदानात.
एल्डरटनचे पळतात कुठले! ढेकर देत उभे. शेवटी लोर्ननं चेंडू त्यांच्या रेषेमागे हाणला. त्यांच्या जाड्यानं उचलला, पण बाहेर काढता येईना. आमचे तिघे त्याच्यावर बसले. रेषेमागे असं अडकवलं की त्याला रूज म्हणतात, अडकवणाऱ्यांना एक गुण. तेवढ्यावर जिंकलो.
जिंकले, म्हणायचं होतं.
माझी टोपी हवेत उडाली. वाऱ्यानं. वारा नव्हता, पण उडाली.

१९ नोव्हेंबर
टूलीनं कुरण क्लबाला पाच वर्षं लिहून दिलं. लोर्न आला. ‘‘काकू, आता दर सामन्याला पाहुण्यांचं जेवण तुमच्याच हातचं. एल्डरटनवाले अजून पोट धरून आहेत.’’ हो म्हटलं. निव्वळ वैरापोटी.
डचेस माझ्या कोबीच्या वाफ्यात उभी. शेवटचा गड्डा तोंडात. शिंगाची लाल फीत सोडायला गेले, तर मलाच ढुशी मारली.