पड आणि पडीक

प्रिय कृष्णनाथ,

मी, विठू भिवा गावस, वय वर्षे बहात्तर, शिक्षण मराठी चौथी, धंदा शेती, राहणार मुळगाव, हे पत्र कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या बुद्धीने लिहीत आहे. तुझी नात गौरवी ते वाचून दाखवील. तिने मध्ये थांबू नये.

तू हरमलला लेकीकडे गेल्याला सात महिने झाले. खाणीची माती आपल्या दोन्ही शेतांवर आता अर्ध्या माडाएवढी चढली आहे. आपला बांध कोठे होता, हे मला दाखवता येत नाही. विहिरीचे पाणी सत्यवती दोनदा फडक्यातून गाळते, तरी भात तांबूस होतो.

देवस्थानाची ती जमीन आपण दर तिसऱ्या वर्षी देवीच्या नावाने पड ठेवत होतो. नांगर नाही, पेरणी नाही, केवळ गुरे बसवायची. बाळंतिणीला कोणी लगेच कामाला जुंपत नाही, मग मातीला का, असे तुझी आई म्हणत असे. खताची गोण आपल्या बांधावर कधी आली नाही.

गोवा राज्य झाले, त्या वर्षी शेतांची नोंद घ्यायला कारकून आला. ते वर्ष पडीचे होते. कागद कोंकणीत लिहू की मराठीत, असे त्याने विचारले. मी ताठ उभा राहून मराठीत म्हणालो. तू हसलास. "मास्तरा, तुवें वाचलें म्हणजे म्हजें वाचून जालें," म्हणालास आणि अंगठ्याला शाई लावलीस.

कारकुनाने 'पडिक' लिहिले होते. मी कागद परत केला आणि वेलांटी दीर्घ करवून घेतली. तो "बरोबर" म्हणाला, तेव्हा मला फार बरे वाटले. शब्द आपला नव्हे, असे मनात आले होते. परंतु अर्थ विचारला असता, तर मला येत नाही हे तुझ्यादेखत उघडे पडले असते. "पड म्हणूनच बरयलां मरे?" असे, काय लिहिले याची खात्री करायला, तू विचारलेस. मी म्हणालो, "तेंच." पडीक म्हणजे कोणी न कसलेली, निरुपयोगी जमीन, हे मला मातीचा पहिला ट्रक शेतात शिरला तेव्हा कळले. नोंद दाखवून खाणवाल्यांनी माझीच सही माझ्यासमोर धरली.

कारकुनाने फसवले, असे तू गावभर सांगत राहिलास. मी शेजारी उभा राहून मान हलवली.

येत्या सोमवारी तू देवीसमोर नारळ ठेवून त्याच्या घरादाराविरुद्ध गाऱ्हाणे घालणार, असा निरोप आला. घालू नकोस. त्याच्या घरात लहान मुले आहेत, आणि त्याने मला कागद वाचायला दिला होता. गाऱ्हाणे घालायचेच असेल तर माझे नाव घे, बापाच्या नावासकट घे. मी पायरीवर उभा असेन.

तुझाच (हा शब्द नको असल्यास गौरवीने खोडावा),
विठू

लिहिताना हजर: सत्यवती, पत्नी, बाबली, शेजारी. दोघांनाही अक्षरओळख नाही. जसे लिहिले, तसेच वाचून दाखवले.