वेबसाईटची वाटणी

मंगळवार, संध्याकाळ. सूरत.

अण्णांचा फोन आल्ता. तेव्हापासून एकच शब्द डोक्यात, वाटणी. मी कुठं वाटणी केली?

तीर्थपुरीची आमची नर्सरी एकच. मोसंबीची कलमं माझे वडील, अण्णा बघतात, डाळिंबाची रोपं काका. वेबसाईट मी इथं गोडाऊनच्या जेवणाच्या सुट्टीत बसून बनवली. वर नाव कोणाचं, यावरून दोघं रुसले. मंग मी व्हिडिओ पाहून दोघांना आपापलं सबडोमेन दिलं. पत्त्यात नर्सरीच्या नावाआधी एकाला 'मोसंबी' लावलं, दुसऱ्याला 'डाळिंब'. दोघं खूश. मीबी लई हुशार.

आता ऐन लागवडीच्या टायमाला गुगलवर आष्टीचा नर्सरीवाला पहिला, अन् आमचे दोघं पार तिसऱ्या पानावर. कंपनीत कॉम्प्युटर बघणारे भाई हसले. "गूगल तो दो दुकान समझता है. एक की पहचान दूसरे के काम नहीं आती."

हे अण्णांना सांगितलं, तर म्हणाले, "आम्ही भाऊ-भाऊ इतकी वर्षं एका चुलीचं खाऊन राह्यलो, अन् तू तिकडं बसून वाटणी करून टाकली व्हय रे!"

मागून काका ओरडले, "मला विचारलंबी न्हाई!"

विचारलं होतं की. दोघांनाबी!

आत्ताच दोन्ही पानं एका पत्त्याखाली आणली. वर कधी येतील, गुगलला ठाऊक. पण वेबसाईटच्या पहिल्या पानावर फोटो कोणाचा? काकांचा मेसेज आलाच, "माझा टाक." अण्णांचा फोन वाजून राह्यलाय.

दोघांना सांगतो, आईचा टाकलाय. दोन्हीकडं पाणी तीच घालती.